माझा अंगठा पॉझिटिव्ह आला तेव्हा

मी निपाणीचा. त्यामुळे तंबाखू कधी सुरू केली, हा प्रश्न मला विचारण्यात अर्थ नाही. आमच्याकडे ती आधीपासून होतीच, मी मागाहून आलो. आमच्या भागात कुणाच्या घरचा चहा नको म्हटलात तर चालतं, पण त्यानं तळहातावर चुना लावून मळलेली चिमूट नाकारलीत तर तो वर्षभर मनात ठेवतो. पुढं बेळगावात नोकरी लागली, टिळकवाडीत घर झालं, अंगावर पांढरा कोट चढला. कोटाच्या खिशात पुडी राहिली.

नोकरी झकास होती, अजून आहे. पिकांवरचे विषाणू शोधायचे. यातल्या बऱ्याच विषाणूंची सगळी दौलत म्हणजे आरएनएचा एक नाजूक धागा. तो पानाच्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडून स्वतःच्याच नकला काढून घेतो. आम्ही पान बर्फावर वाटतो, त्यातून आरएनए वेगळा करतो, त्याची डीएनएमध्ये टिकाऊ नक्कल करतो आणि यंत्रात त्या नकलेच्या लाखो नकला होऊ देतो. विषाणू असला तर पडद्यावर रेघ नागासारखी फणा काढून उठते. नसला तर तळाशी आडवी पडून राहते. शेवटच्या नळीत नेहमी नुसतं पाणी घालायचं. त्या रेघेनं काही झालं तरी उठायचं नाही. ती उठली तर समजायचं, विषाणू पानात नसून प्रयोगशाळेतच कुठंतरी सांडलाय.

एकदा निपाणीजवळच्या गावातून एक आक्का आल्या. जैन घरातल्या, वयानं माझ्याएवढ्या, मिरचीच्या रोपांची नर्सरी चालवणाऱ्या. ओल्या कागदात गुंडाळलेली पानं त्यांनी टेबलावर ठेवली. पानांवर फिकट ठिपके होते.

"बांधापलीकडं तंबाखूचं रान हाय," त्या म्हणाल्या. "त्यातला रोग माझ्या रोपांवर आला असंल तर सगळी जाळायला लागतील. माझ्या रोपानं दुसऱ्याचं रान नासलं, तर परत कोण दारात येईल?"

आठवड्याभरात शेतकरी रोपं न्यायला येणार होते. मी छाती फुगवून म्हटलं, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सगळ्या रेघा उठल्या. बातमी सांगायला मला फार आवडतं, वाईट असली तरी. निकालाच्या तक्त्यातल्या खालच्या ओळी न बघताच मी फोन लावला आणि नाटकातल्या दूतासारखा आवाज काढून म्हटलं, "आक्का, तंबाखूचाच रोग हाय, मोझॅक. सगळ्यात."

पलीकडून आक्कांनी विचारलं, "मग उपटू?"

"उपटा."

फोन ठेवून मी अहवाल लिहायला बसलो. शेवटच्या ओळीवर नजर गेली आणि माझं पाणी मला दिसलं. तेही फणा काढून उभं!

अशा वेळी आमच्याकडचा माणूस काय करतो? पुडी काढतो. मीही काढली. अंगठ्यानं तंबाखू मळत, हा विषाणू आला कुठून, याचा गंभीर विचार करत होतो. मग अंगठा थांबला. तंबाखू वाळवा, कुटा, चुन्यात मळा, तिच्यातला मोझॅकचा विषाणू सहजासहजी हटत नाही. हे मी स्वतः शेतकऱ्यांना शिकवत आलो होतो. हातमोजे मी घालत होतो खरा. पण ते खोक्यातून काढून चढवत होतो याच बोटांनी.

फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. गाडीला किक मारली. निपाणीच्या रस्त्यावरचं काकती मागं पडलं, हत्तरगी मागं पडली, मी वाटेत एकदाही थांबलो नाही. नर्सरीच्या जाळीबाहेरून ओरडलो, "थांबाऽऽ! उपटू नका!"

आक्का आणि दोन बायका वळल्या. पायाशी रोपं उपटून रिकाम्या केलेल्या ट्रेंची चळत होती. अकरा.

"काय झालं?"

"रोग तुमच्या रोपांत न्हाय. म्हणजे असंल, न्हाय असंल, मला म्हायती न्हाय. माझ्या हातावर हाय."

त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं, मग तंबाखूनं रंगलेल्या दातांकडं. "तंबाखू खाऊन पानं तपासली व्हय?"

"व्हय."

"आन् माझी रोपं उपटायला लावली?"

"व्हय."

एका बाईनं तोंडाला पदर लावला. आक्का हसल्या नाहीत. "उद्या मी येते," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर करायचं."

आल्या त्या पहाटेच्या गाडीनं, ताजी पानं घेऊन. स्टुलावर बसल्या आणि माझे हात कोपरापर्यंत तीनदा धुऊन घेतले. हातमोज्यांचं खोकं नवं, कोट नवा, पाणी नवं. टेबल मी पुसलं, त्यांनी पुन्हा पुसायला लावलं. मनाचं समाधान व्हावं म्हणून मी एक जास्तीची नळी लावली. त्यात आदल्या दिवशी कापसाच्या बोळ्यानं पुसून घेतलेला माझा अंगठा होता. माझा हात लागू नये म्हणून ती प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या माणसाकडून भरून घेतली.

यंत्र सुरू झालं. थोड्या वेळानं पडद्यावर एकच रेघ तरातरा उठली.

"ह्यो कोण उठला सगळ्यांच्या आधी?" आक्कांनी घाबरून विचारलं.

"ह्यो माझा अंगठा."

"आन् ही खाली झोपल्यात ती?"

"तुमची मिरची. आन् पाणी."

"झोपल्यात ते बरं व्हय?"

"लई बरं, आक्का."

शेवटपर्यंत त्या रेघांवर नजर रोखून बसल्या, जणू नजर हटली की एखादी उठेल. एकही उठली नाही. मिरचीवरचे बाकीचे विषाणूही तपासले, तेही नव्हते. ठिपके जस्त कमी पडल्यामुळं होते, एका फवारणीनं भागणार होतं. मग त्यांनी फोन काढला. "रोपांना पाणी सोडा गं. आन् गिऱ्हाइकांना म्हणावं, ठरल्या दिवशी या."

फोन ठेवून माझ्याकडं वळल्या. "आता त्या अकरा ट्रेंचं काय?"

रविवारी मी त्यांच्या जाळीत मांडी घालून बसलो होतो. ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भरायचा, एका खळग्यात एक बी, वरून चिमूटभर झाकण. दोन बिया पडल्या की आक्का मागून "एकच!" म्हणायच्या. त्यांना मागं डोळे असावेत असा माझा संशय आहे. बाहेर टेंपो लागला होता, शेतकरी हिरव्यागार रोपांचे ट्रे उचलून नेत होते. त्यातल्या एकानं माझ्याकडं पाहिलं.

"आक्का, ह्यो नवा गडी कोण?"

"बेळगावचे सायेब हाईत," आक्का म्हणाल्या. "शिकायला आल्यात."