कोरडा खिळा

कशेळ्याच्या सहदेव सुताराला खिळ्यांच्या बाबतीत हयगय खपत नसे. पाऊण इंची फळीला सव्वादोन इंची खिळा, म्हणजे फळीच्या तिप्पट, आणि तोही बारीकच. जाड्या खिळ्यानं फळी चिरते, म्हणून तो हार्डवेअरवाल्यावर खेकसायचा.

आई गेल्यावर चौदाव्या दिवशी तो कामाला लागला. इतक्या दिवसांत त्याला रडू आलं नव्हतं की धड भूक लागली नव्हती. गावातल्या छायाच्या किराणा दुकानात मांडणीच्या फळ्या ठोकायच्या होत्या. तिनं आणलेले खिळे चांगलेच जाडे होते.

"चालतील ना, दादा?"

"चालतील," सहदेव म्हणाला. असं तो जन्मात कधी म्हणाला नव्हता.

सवयीनं त्यानं खिळ्याचं टोक केसांत घासायला हात वर नेला. केसांतलं तेल लागलं की खिळा लाकडात सरळ शिरतो. त्याची पन्नाशी उलटली तरी आई दर रविवारी त्याच्या डोक्यावर तेल थापायची.

टोक दहाव्याला भादरलेल्या टाळूवरून खरखरत गेलं.

"दादा, तेल हाय दुकानात, देऊ?"

"नको गं," तो म्हणाला, पण डोक्यावरचा हात काही त्याला खाली घेता येईना.