उत्तर सांगायचं न्हाई

हदगावकडच्या आमच्या गावात शाळेची खिचडी मी शिजवते. दयानंद गुरुजींवर माझा लई राग होता, ते आधीच सांगते. शाळेला भिंतीएवढा टीव्ही मिळाला, बोटानं लिहिता येतं तसला. गुरुजी त्यावर कोडं लावायचे. पाच लिटरची घागर, तीन लिटरची कळशी, चार लिटर पाणी मोजून दाखवा. आन् ऐन उत्तराच्या तोंडावर थांबवायचे. मग पोरं पडद्यावर रेघा मारत, खोडत बसायची, आन् इकडं माझी खिचडी गार. कुणी पटकन उत्तर बोललं की गुरुजी दटावायचे, "त्याचं डोकं चालून राहिलंय ना? चालू दे. खूण दे, उत्तर सांगू नको."

माझी नात गीतांजली त्यांच्याच वर्गात, ती घरीबी तसंच करायची. माझा चष्मा सापडंना झाला, तर ही भवानी विचारायची, "आजी, शेवटी काय निवडत होतीस?"

मागल्या साली गुरुजींचं काहीतरी बिनसलं. कोडं थांबवून उभे राहायचे ते उभेच. एकदा बाहेर येऊन मलाच म्हणाले, "केवळाबाई, माझा वर्ग कुठला?" मला वाटलं, थट्टा करून राहिले. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, विसरायचा आजार हाय, वाढतच जाणार. त्यांची शाळा सुटली. त्यांच्या बायकोनं, रुक्मिणबाईनं सांगितलं, "बाकी जाऊ द्या म्हणतात, पोरांची नावं तरी ऱ्हावीत. रोज आठवत बसतात."

परवा मी गीतांजलीला घेऊन त्यांच्या घरी गेले. गुरुजी तिच्याकडं बघून हसले. "तू गं कुणाची?"

मी बोलणार, तर पोरीनं माझा हात दाबला.

"गुरुजी, मी खिडकीपाशी बसायचे."

गुरुजी विचार करू लागले.

"ही माझी आजी. शाळेत खिचडी शिजवते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं. कपाळाला घाम फुटला, ओठ हलून राहिले. आम्ही किती वेळ बसलो, देव जाणे. शेवटी पोरीच्यानं बघवलं न्हाई.

"गीतांजली, गुरुजी. मी गीतांजली."

त्यांचा चेहराच उतरला. "सांगितलंस कशाला?" ते म्हणाले. "मला येऊन राहिलं होतं."

"हाव गुरुजी. चुकलं माझं."

घरी येईस्तोवर पोरगी रडत होती, आन् मीबी.