गगनराव कोणाकडचा?

खेळ सुटला की मामाजी आधी आमच्या दारासमोरच्या नळावर येत. खांद्यावरचा दुपट्टा काढून काखेत धरायचा, ओंजळीत पाणी घ्यायचं आणि खळखळून चूळ भरायची. मनाचं समाधान होईपर्यंत भरायची. मग तोंड पुसत माझ्याकडे बघून म्हणायचं, "तोंड खरकटं झालं होतं सूनबाई. आता जेवाले मोकळा."

खरकटं कशानं? खोटं बोलून. खेळभर खोटं बोलायचं आणि मग तोंड धुऊन घरी जायचं, असा त्यांचा नेम होता. मला तेव्हा त्याचं हसू येई.

मामाजी म्हणजे माझे सासरे नव्हेत. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि पांढुर्ण्याच्या आमच्या गल्लीत सासऱ्याच्या वयाचा कोणीही माणूस सगळ्या सुनांचा मामाजीच असायचा. हे समोरच राहत. बायको वारलेली. एकुलती एक मुलगी नदीपलीकडे, सावरगावात दिलेली. काम संत्र्याच्या मंडीत, लिलावाची बोली पुकारायचं. आवाज असा की मंडीत ते पुकारायला लागले की स्टेशनावरच्या हमालांनाही आज संत्रा काय भावानं गेला ते कळत असे. हळू बोलणं त्यांना जमतच नव्हतं. देवळातसुद्धा कानात सांगायला गेले तर पुजारी वळून बघायचा.

पण बोलीच्या बाबतीत फार कडक. नसलेली बोली त्यांनी कधी पुकारली नाही. "पुकारणाऱ्याचं तोंड खोटं झालं का मंडी संपली," असं म्हणत. अशा माणसाला म्हातारपणी सिनेमाचा नाद लागावा, आणि तोही असा, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मी तेव्हा ओसरीवर शिलाई मशीन मांडून ब्लाउज शिवत असे. तिथून नळ, मामाजींचं घर आणि गल्लीच्या तोंडाशी असलेलं कापसाचं जुनं गोदाम, सगळं दिसे. त्यामुळे गल्लीत काय चाललंय ते मला माझ्या ह्यांच्या आधी कळत असे. त्या गोदामात एका शेठनं व्हिडिओ हॉल काढला. एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर, खाली सतरंज्या. पाहता पाहता गर्दी जमायला लागली.

एकदा शेठनं नागपूरहून कार्टूनच्या कॅसेटींचा एक अख्खा गठ्ठा स्वस्तात आणला. स्वस्त का, ते लावल्यावर कळलं. कॅसेटी जपानी होत्या. पडद्यावर लाल झूल पाठीला बांधलेला एक गडी आभाळात उडतोय, पायांतून आग निघतेय, समोर लोखंडाचा एक राक्षस आहे, आणि दोघंही काय बोलतात त्यातलं अक्षर कळत नाही. पोरं ओरडायला लागली, "पैसे वापस! पैसे वापस!"

मामाजी त्या दिवशी फुकट पासावर मागे बसले होते. शेजारच्या माणसाला समजावून सांगू लागले, की हा लाल झूलवाला आहे ना, त्याच्या गावचं पाणी त्या लोखंड्यानं अडवून ठेवलंय. सांगितलं शेजाऱ्याला, ऐकलं सगळ्या हॉलनं. पोरं गप्प झाली. एकानं मागे वळून विचारलं, "मंग आता काय करून राहिला थो?" मामाजी म्हणाले, "थांब ना बापा, पाह्य तं!" आणि सांगत सुटले. खेळ संपेपर्यंत त्या गड्याचं नाव गगनराव ठेवून झालं होतं, राक्षसाचं लोखंड्या.

दुसऱ्या दिवसापासून शेठनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि टीव्हीशेजारी संत्र्याची पेटी उपडी घालून त्यावर मामाजींना बसवलं. दुपारी तीनचा खेळ आणि संध्याकाळी सहाचा. सकाळी मंडी, मग गगनराव.

तुम्ही नंतर टीव्हीवर असले पुष्कळ वीर पाहिले असतील. पण आमच्या गगनरावासारखा बोलणारा तुम्हाला कुठे भेटायचा नाही. तो उडता उडता खालच्या बायांना विचारायचा, "काय वं, भाजी काय केली?" लोखंड्याला पकडून म्हणायचा, "काहून बे, लय माजला का?" आणि शेवटी, लोखंड्या अंगावर धावून आला की गगनरावाचा ठेंगणा साथीदार हातात मोठा धोंडा घेऊन नुसता उभा राही. तेव्हा मामाजी छाती भरून घेत आणि मंडीतल्या आवाजात आरोळी सोडत, "पाहून काय राहिला बे, फेक!" आख्खा हॉल त्यांच्याबरोबर ओरडे. माझ्या मशीनची सुई थरथरायची.

त्या वर्षी पांढुर्ण्यात गगनरावाशिवाय दुसरं काही विकलंच गेलं नाही म्हणा ना. बर्फगोळेवाल्यानं लाल गोळ्याला गगनराव नाव दिलं. फोटो स्टुडिओवाल्यानं ढगांचा पडदा रंगवून घेतला आणि पोरांना स्टुलावर पालथं झोपवून उडताना फोटो काढू लागला. सौंसरहून बसनं पोरं येत. रामाकोन्याची तर संत्र्याच्या ट्रकवर बसून येत. आणि झुली कोण शिवत होतं? मीच. लाल अस्तराचं कापड दुकानात उरलं नाही, ते मला नागपूरहून मागवावं लागलं. ब्लाउजवाल्या बाया रागावून दुसरीकडे गेल्या, तरी मला फिकीर नव्हती.

मामाजी या सगळ्यात लाजत. लोक रस्त्यात पाया पडायला लागले तर दुपट्ट्यानं तोंड झाकत. मी एकदा म्हटलं, "मामाजी, तुम्ही आता मोठे आर्टिस्ट झालात." म्हणाले, "कायचा आर्टिस्ट. मले का जपानी येते? जे नाही थे सांगून राहिलो." आणि गेले नळावर.

आता मुद्द्यावर येते. तीनच्या खेळाला सावरगावची पोरं येत, कारण उजेडात नदी ओलांडून घरी जाता येई. सहाला आमची, पांढुर्ण्याची. एकदा तीनच्या खेळात एका पोरानं उठून विचारलं, "मामाजी, गगनराव कोणाकडचा हो?" मामाजींची लेक सावरगावात, जावई सावरगावचा. तिच्या गावची पोरं समोर बसलेली बघून त्यांना प्रेम आलं असणार. म्हणाले, "सावरगावचा! अजून कोणाचा?" पोरांनी सतरंज्या उधळल्या. सहाला तोच प्रश्न आमच्या पोरांनी विचारला. आता यांना काय सांगायचं? "पांढुर्ण्याचाच आहे ना बापा!" तिथेही सतरंज्या उडाल्या.

शेठ दाराशी उभा होता. त्यानं दोन्ही आरोळ्या ऐकल्या आणि मामाजींना बाजूला घेतलं. "बस मामाजी, यही चाहिए. रोज हेच सांगा. पब्लिक हेच मागून राहिली." मामाजी म्हणाले, "अहो शेठ, पोळा जवळ आला." शेठ म्हणाला, "म्हणून तर!"

पोळ्याचं काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. आमच्या काठचे लोक ते तोडून आणायला पाण्यात उतरतात, सावरगावचे त्यांना अडवतात, आणि दोन्ही काठांवरून दगड चालतात. आदल्या दिवशी एकमेकांकडे पुरणपोळी खाल्लेले लोक. एकमेकांना मुली दिलेले लोक. दरवर्षी डोकी फुटतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सगळे तिथेच. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी दार लावून घेतलं होतं आणि म्हणाल्या होत्या, आज नदीकडं पाहू नको.

तर त्या महिन्यात तीन वाजता लोखंड्या पांढुर्ण्याचा असे आणि गगनराव सावरगावचा. सहा वाजता उलट. मामाजी पेटीवर बसून दोन्ही काठांना वीर पुरवत होते. मी ऐकत होते, हसत होते आणि झुली शिवत होते. नळावर मात्र त्यांच्या चुळा वाढल्या. एकदा तर घशात बोटं घालून खाकरत होते. मी विचारलं, "मामाजी, काय झालं?" म्हणाले, "निघून नाही राहिलं सूनबाई."

गोटमारीच्या दिवशी मी दार लावून बसले होते. दुपारी नदीकडून नेहमीचा कल्ला सुरू झाला. आणि मग त्यातून एक आरोळी स्पष्ट ऐकू आली. "पाहून काय राहिला बे, फेक!" आमच्या काठावरून आली. लगेच पलीकडून तीच आली. मग दोन्हीकडून, एका सुरात, हॉलमध्ये ओरडत तशी. मोठे, बाप झालेले लोक ओरडत होते. मी दाराच्या फटीतून बघितलं तर मामाजी नळाशी उभे होते. नळ सुरू होता आणि पाणी नुसतं वाहत होतं.

संध्याकाळी निरोप आला. जावयाच्या डोळ्याला दगड लागला होता. त्याला नागपूरला नेलं. डोळा गेला.

आठवड्यानं मी आणि माझे हे डबा घेऊन दवाखान्यात गेलो. जावई खाटेवर बसला होता, अर्ध्या चेहऱ्याला पट्टी. लेक पायाशी. मामाजी भिंतीला टेकून खाली बसलेले, जणू त्या खाटेशी त्यांचं काही नातंच नव्हतं. लेक म्हणत होती, "बाबा, काहून एवढं लावून घेता? दगड का तुमी मारला?" ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. तिच्या समजूतदारपणानं ते आणखीच आखडून बसले.

जावई मात्र चांगल्या स्वभावाचा. आम्हाला बघून त्याला हुशारी आली. म्हणाला, "काय आवाज होता हो त्या दिवशी! इकडूनही फेक, तिकडूनही फेक. मीही तेच ओरडून राहिलो होतो. ओरडताना हे असं तोंड वर केलं अन् तेवढ्यात गोटा लागला." मग मामाजींकडे वळून, अगदी सहज, घरचा माणूस विचारतो तसं त्यानं विचारलं, "मामाजी, मी तीनच्या खेळाले पोट्ट्यांसोबत येऊन बसत होतो, मागं. तुमी आमच्या गावचं नाव घेतलं का छाती फुगे माही. आता या वार्डात पांढुर्ण्याचा एक जण आहे, थो म्हणते गगनराव त्यांचाच होता. तुमीच सांगा खरं. कोणाकडचा होता?"

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. माझी मान खाली गेली. माझ्या हातातल्या पिशवीला लाल अस्तराच्या उरलेल्या तुकड्याचीच नाडी होती, ती मी मुठीत लपवली. कोणाची लाज वाटत होती, सांगता येणार नाही. शेठची, मामाजींची, आमच्या काठाची, त्यांच्या काठाची, सगळ्यांचीच. मंडीत ज्याचा आवाज कधी अडला नाही तो माणूस उठून बाहेरच्या नळावर गेला. बराच वेळ आला नाही.

ते पुन्हा पेटीवर बसले नाहीत. शेठनं विनवण्या केल्या, पैसे वाढवतो म्हणाला. दुसऱ्या एकाला बसवून पाहिलं, पण पोरांनी त्याला उठवलं. आवाजाशिवाय गगनराव नुसता उडत राहिला, आणि दिवाळीपर्यंत हॉलमध्ये हिंदी पिक्चर लागू लागले. मंडीतही मामाजींनी बोली पुकारणं सोडलं. पेट्या उचलायचं काम मागून घेतलं, त्या वयात. दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजात संत्र्याचे भाव आमच्या गल्लीपर्यंत येऊ लागले, म्हणजे येईनातच.

पुढच्या वर्षाच्या थंडीत ते रामाकोन्याला भाच्याकडे गेले आणि तिथेच वारले. बातमी सौंसरच्या बसवरच्या कंडक्टरनं आणली. पण त्याआधी एक पोळा येऊन गेला, आणि मला ते आठवतात ते त्या पोळ्याचे.

गोटमारीचा दिवस होता. मी दार लावायला गेले तर मामाजी नळावर होते. ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं. मी चूळ टाकायची वाट बघत राहिले, त्यांनी टाकली नाही. गाल फुगवून तसेच आमच्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसले. मी म्हटलं, "मामाजी, आत या, चहा ठेवते." त्यांनी मान हलवली आणि गालाकडे बोट दाखवलं.

दुपारी नदीकडून कल्ला सुरू झाला. वर्ष लोटलं होतं, हॉल विसरला होता, तरी ती आरोळी आली. आधी या काठावरून, मग त्या काठावरून. गल्लीतून चार पोरं धावत गेली, पाठीवर माझ्याच हातच्या, विटलेल्या झुली. "पाहून काय राहिला बे, फेक!" मामाजींचे डोळे भरले. ओठ घट्ट मिटलेले, गाल थरथरताहेत. मी दार लावलं नाही. सासूबाईंचं सांगणं त्या दिवशी मोडलं आणि त्यांच्याशेजारी बसून राहिले.

झेंडा पडला, ढोल वाजले, माणसं परतू लागली. उन्हं उतरेपर्यंत ते तसेच होते. पोरं परत येताना नळाशी थांबली. त्यातलं एक ओळखून म्हणालं, "मामाजी, एकदा म्हणा ना, गगनरावासारखं!" मामाजींनी त्याच्याकडे बघितलं, आणि तोंडातलं पाणी घोटभर घोटभर करत सगळं गिळून टाकलं.