बेसूर उपकारस्तुती

लग्न होऊन मी कुरुंद्याला आले तेव्हा त्या घरात एक रीत होती. दिवेलागणीला जेवायला बसलं की पहिल्या घासाआधी प्रत्येकानं त्या दिवसातली एक गोष्ट सांगून देवाचे उपकार मानायचे. कालची गोष्ट आज चालायची नाही. ही शिस्त सासूबाईंची. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या कधी विहिरीच्या गार पाण्यासाठी उपकार मानत, कधी शेजारणीच्या गायीला झालेल्या कालवडीसाठी. एकदा तर म्हणाल्या, "देवबापा, आज पाठ दुखली न्हाई, तुझे उपकार." मला पदराआड हसू यायचं.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. रविवारी चिंचेखाली चटया टाकून उपासना व्हायची आणि माझे यजमान गाणं उचलायचे. त्यांनी पहिली ओळ घेतली की बाकी मंडळी मागून येई. गळा असा की वसमतच्या बाजाराला निघालेले गाडीवान बैलांचे कासरे ओढून ऐकत थांबायचे.

मग एका पावसाळ्यात त्यांना मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. माणूस वाचला, त्याला ऐकू मात्र काहीच येईना. गाणं थांबलं. ते नुसते ओट्यावर बसत आणि बोलणाऱ्यांच्या ओठांकडे बघत राहत.

त्या दिवसांत एका संध्याकाळी माझी पाळी आली आणि मी गप्प राहिले.

"सुचंना का?" आत्याबाईंनी विचारलं.

"सुचतं. सांगायचं न्हाई. काहून मानू उपकार?"

मला वाटलं, आता ताट उचलून नेतील. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग गप ऱ्हा पोरी. खोटं त्याला चालत न्हाई. तवर तुझं मी बोलते."

त्या दिवसापासून त्या दोन उपकार मानू लागल्या, एक स्वतःचा आणि एक माझा. "सून आज दुपारी घडीभर निजली, तिच्या वतीनं उपकार." मी मान खाली घालून भाकरी मोडायची.

हळद निघाली तशी आम्ही दोघं मजुरीनं गावातल्या एका मालकांच्या मळ्यात हळद शिजवायला जाऊ लागलो. पहाटे मोठ्या कढया चुलाणावर चढत. वाफ अशी दाटायची की माणसं नुसती सावल्यांसारखी हलत. ऊन वर आलं की ती वाफच पिवळी व्हायची, आणि वाटायचं, आपण पाण्याखाली चालतोय, पायांना जमीन लागतच नाही. अशाच एका सकाळी त्या वाफेतून आवाज आला. हे गात होते.

सूर भलतीकडेच. मधेच चढे, मधेच विहिरीत पडल्यासारखा खाली जाई. कोणी तरी फिसकन हसलं. तोंडावर फडकं बांधलेली मालकीणबाई कढईपलीकडून म्हणाली, "हसू नका रे. देवाला गाणं म्हणून राहिला तो, आपल्याला न्हाई."

मी लाजेनं अर्धी झाले होते. त्यांना थांबवायला वाफेतून धावत गेले आणि हात धरला. त्यांनी तोच माझा हात ओढून स्वतःच्या छातीवर ठेवला आणि गात राहिले. हाडांमागं काहीतरी घुमत होतं, मोहळासारखं.

"ऐकून राहिलो," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "हितं येतं समदं."

किती वेळ उभी होते, आठवत नाही. जाळ कोणी सारला, हळद कोणी उपसली, तेही नाही.

संध्याकाळी आत्याबाईंनी आपला उपकार मानला आणि माझा मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात मीच बोलले. "देवबापा, आज हे गायले."

आत्याबाईंनी "आमेन" म्हटलं आणि डोळे पुसत कालवण वाढलं. यजमानांना काही कळलं नाही. "काय म्हनली ही?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं, मग वर आभाळाकडे. ते लाजले.

कान पुन्हा आले नाहीत. रविवारी मात्र ते परत गाणं उचलू लागले. ज्याला जिथं सूर सापडे तिथून तो शिरे. एकदा वसमतहून चर्चचे पाळकसाहेब आले, त्यांनी ऐकलं आणि हळूच सुचवलं, की गाणं दुसऱ्या कोणी उचललं तर बरं होईल. मंडळी "व्हय साहेब" म्हणाली. पुढच्या रविवारी सगळे चटयांवर बसले आणि ह्यांच्याच तोंडाकडे बघत राहिले.