भोकं पाडणारे भावोजी

आमच्या भावोजींना दिसेल त्या वस्तूला भोक पाडायची खोड आहे. कात्रीची मूठ, कपाटाची किल्ली, दात घासायच्या ब्रशचा दांडा, सगळ्यांना ओळीने भोकं. "तेवढंच वजन कमी," म्हणत ते ड्रिल खाली ठेवतात आणि चेहरा असा करतात, जणू जगावर उपकार केले. मी वाढदिवसाला दिलेलं पेन चार दिवसांत बासरीसारखं दिसायला लागलं. शाई हाताला लागते म्हणून वर बोलणी मलाच.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. सोमवार ते शनिवार ते फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवतात. गिऱ्हाईक फाटक हलवून बघतं, म्हणून ती होईल तितकी जड. रविवारी गावाबाहेरच्या ट्रॅकवर गाड्यांच्या शर्यती असतात, आणि तिथे पळवायच्या आपल्या जुन्या गाडीतून हाच माणूस ग्रॅम ग्रॅम उपटून काढतो. मागची सीट गेली, गालिचे गेले, दारांचे आतले पत्रे गेले. काय काढलं आणि किती, हे सगळं वर्कशॉपच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं. लोक भिंतीवर वाडवडिलांचे फोटो लावतात, आमच्या भावोजींनी वजनं लावली आहेत.

त्यात पहिला मान बंपरमागच्या बीमचा. बंपरचं प्लास्टिक ही नुसती शोभा. त्याच्या मागे कंपनी एक जाड लोखंडी बीम बसवते, धडक झालीच तर पहिला मार त्याने खावा म्हणून. तो भरला अकरा किलो. भावोजींनी तो काढून टाकला आणि पातळ पाइप वाकवून बसवला, दोन किलो शंभर ग्रॅमचा. बंपर गळून पडू नये, एवढंच त्या पाइपाचं काम.

"वजन टोकाला असलं की गाडी वळायला कुरकुरते," त्यांनी मला समजावलं. "भरलेली बादली आधी अंगाजवळ धरून वळ, मग हात लांब करून वळ." मी वळले. पाय भिजले, पण मुद्दा पटला.

ताईने तेव्हा एवढंच विचारलं, "आणि धडकलात तर?"

"आत माझ्याभोवती लोखंडी पिंजरा आहे की. आणि मी कशाला धडकेन?"

काढलेला बीम ताईने चार विटांवर टाकून दाराशी चपला घालायचं बाकडं केलं, आणि दर रविवारी ट्रॅकच्या कडेची जाळी धरून उभी राहायला लागली. अशी दोन वर्षं गेली.

मग एके दिवशी भावोजी स्वतःच वजनकाट्यावर चढले. चौऱ्याण्णव. स्वतःला भोकं पाडायची सोय नव्हती, तेव्हा त्यांनी ताईला काट्यावर उभं केलं. पंचावन्न. झालं, एकोणचाळीस किलो एका फटक्यात कमी, ड्रिलला हात न लावता. ताईला शर्यतीची गाडी इतकी चांगली चालवता येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, ताईच्याही. पहिल्याच रविवारी ती फेरीमागे भावोजींपेक्षा तीन सेकंद लवकर आली. "वजनामुळे," भावोजी म्हणाले. पुढे चार सेकंद झाले. तेही वजनामुळेच. नाचता येईना, अंगण वाकडं.

मोसमाची शेवटची शर्यत उरली तेव्हा जुनी गाडी गंजून मोडीत निघाली होती आणि दुसऱ्या कंपनीची गाडी आणली होती. ताई गुणांमध्ये दुसरी होती. शेवटची शर्यत जिंकली तर करंडक तिचा. "मला तो हवाय," ती मला म्हणाली. ताई स्वतःसाठी काही मागते आहे हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

नव्या गाडीचाही बीम काढून पाइप बसवायचा होता. दोन तासांचं काम. भावोजींना पाच दिवस लागले. कधी वेल्डिंगचा रॉड ओला, कधी कंबर धरलेली. सहाव्या दिवशी काळा रंग दिलेला पाइप गाडीला लागला आणि फळ्यावर आकडा आला, दोन किलो शंभर.

सरावाहून परतताच ताई म्हणाली, "अहो, नाक जड आहे."

"ट्रॅक ओला असेल."

"ठणठणीत कोरडा आहे."

"मग टायर असतील."

शनिवारी भावोजी कुणाचं तरी फाटक बसवायला गेले, तेवढ्यात आम्ही दोघींनी बंपर उतरवला आणि पाइप त्यांच्याच काट्यावर ठेवला. चार किलो पाचशे. फाटकाचा पाइप. ब्रशच्या दांड्यालाही न सोडणाऱ्या माणसाने गाडीच्या नाकावर फाटक बांधलं होतं.

ते आले तेव्हा पाइप अजून काट्यावरच होता.

"हे काय आहे?" ताईने विचारलं.

भावोजींनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू तो पाइप मीच ओतला होता. "पातळ पाइप मिळाला नाही."

"कोपऱ्यात सहा पडलेत."

बराच वेळ ते हातमोजे काढत बसले. "तू बसणार त्यात," शेवटी म्हणाले. "पिंजरा आहे, काही होणार नाही, सगळं कळतं मला. पण हात चालेना."

"तुम्ही बसायचात तेव्हा चालला तो?"

"माझी गोष्ट वेगळी."

"दोन वर्षं जाळी धरून उभी होते मी. मला विचारलंत कधी, माझ्यापुढच्या पाइपात तुला किती किलो हवेत?"

मला भावोजींची कीव आली. बोलून नाही दाखवली, सवय लागली असती.

ताई कोपऱ्यातला पातळ पाइप घेऊन आली. "फळ्यावर खोटं लिहिलंत, राग त्याचा आहे. मी धरते, तुम्ही कापा."

त्यांनी तीनदा मोजून एकदा कापला. दोन किलो शंभर, या वेळी खरंच.

रविवारी ताई सुटली आणि भावोजी जाळीला धरून उभे राहिले, बरोबर ती उभी राहायची तिथे. चौथ्या फेरीत वळणावर गाडी घसरली आणि टायरच्या ढिगात नाक घुसलं. भावोजींनी एक पाय जाळीवर टाकला आणि चौऱ्याण्णव किलो तिथेच अडकले. झेंडेवाल्या दोघांनी त्यांना खाली उतरवेपर्यंत ताई गाडी मागे घेऊन पुन्हा शर्यतीत शिरली होती. शेवटी ती दुसरी आली. करंडक गेला. पाइप वाकून कंस झाला होता, ताईला खरचटलंही नव्हतं.

"ब्रेक उशिरा मारला," हेल्मेट काढत ती म्हणाली. "चूक माझी. वजनाचं नाव काढू नका."

भावोजींनी नाव काढलं नाही. ते जाळीचे वळ उठलेले तळहात बघत होते. "दोन वर्षं?" त्यांनी विचारलं. ताईने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तिने तो साडेचार किलोचा पाइप भावोजी रोज फाटकं पोचवतात त्या व्हॅनच्या पुढे बसवून घेतला. आणि फळ्यावर सगळ्यात खाली लिहिलं: "काळजी, दोन किलो चारशे. मला वाटलं होतं जास्त भरेल."

ती ओळ अजून तशीच आहे. व्हॅन ॲव्हरेज देत नाही म्हणून भावोजी रोज कुरकुरतात, आणि खापर त्या पाइपावर फोडतात. परवा मी वाकून तो नीट पाहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही भोक नाही.