सौ. तेंजेरे यांची भांडी

आमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यावर 'सौ. तेंजेरे' असं नाव कोरलेलं आहे. या नावाची बाई सांगली जिल्ह्यात नाही. सातारा जिल्ह्यातही नाही. सासूबाईंनी दोन्हीकडे कसून चौकशी केली आहे.

या सगळ्याच्या मुळाशी माझी धाकटी जाऊ शैला आहे, हे मी आधीच सांगून टाकते. नव्वदीतली गोष्ट. आमचे हे आणि शैलाचे यजमान सख्खे भाऊ आणि दोघेही कुपवाडच्या एकाच कारखान्यात कामाला. आम्ही खाली, ते माडीवर, चुली वेगळ्या. कारखान्याच्या यंत्रांना थेट तुर्कस्तानातून मागणी आली आणि ती तिथे बसवून चालवून दाखवायला दोन वर्षांसाठी एक माणूस सहकुटुंब पाठवायचं ठरलं. माणूस एक आणि भाऊ दोन! मालक म्हणाले, कामात दोघेही सारखेच, तेव्हा परमुलखात कुणाचं कुटुंब निभावून नेईल ते मी घरी येऊनच बघतो. मी तोवर केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे विजापूरचा गोलघुमट. त्यामुळे तुर्कस्तानला मीच जाणार, हे मी मनात पक्कं करून टाकलं.

शैला बी.ए. (इंग्रजी घेऊन. हे ती भाजीवाल्यालाही सांगायची.) तिने पुण्याहून कुठलंसं तुर्की शिकायचं पुस्तक मागवलं आणि घरातल्या एकूण एक वस्तूला चिठ्ठी चिकटवली. मी वाटीभर साखर मागायला माडीवर गेले, तर कपाटावर 'दोलाप', उशीवर 'यास्तुक', आरशावर 'आयना'. त्या आयन्यासमोर उभी राहून शैला भांग पाडत होती.

"ताई, सहज आपलं," ती म्हणाली. "तिकडं बाजारात अडायला नको."

जणू तिकीट हातात पडलंच होतं! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की साखर न घेताच मी खाली आले. (साखर घरात होतीच. ती वर काय करते हे बघायला गेले होते.)

त्या दिवसापासून माझं माडीवर जाणं वाढलं. कधी विरजण, कधी सुईदोरा, कधी नुसतंच "काय गं, बरी आहेस ना?" दर खेपेला दोन-तीन शब्द पाठ करायचे आणि जिना उतरताना पुटपुटत यायचं. खाली येऊन मीही चिठ्ठ्या लावल्या. पण शैलाच्या चिठ्ठ्या कपाटाला आणि आरशाला, माझा सगळा अभ्यास स्वयंपाकघरात. भांडी घासणाऱ्या सखूबाईंनी दोन दिवसांत तुर्की भाषा राखेने घासून मोरीत सोडून दिली.

मग मला युक्ती सुचली. आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायची पद्धत आहेच. ते नाव सात जन्म घासलं तरी जात नाही. मी पातेलं, ताटं, पेले पिशवीत भरून पेठेत गेले आणि नावं घालणाऱ्याला कागदावर शब्द लिहून दिले. बाजूच्या दुकानात जाऊन केरसुणी घेऊन येते तोवर त्याचं मशीन टकटक करून मोकळं झालं होतं.

त्या भल्या माणसाने आयुष्यात मान दिल्याशिवाय कुणाचं नाव भांड्यावर घातलेलं नव्हतं. त्यामुळे पातेल्यावर 'सौ. तेंजेरे', ताटांवर 'श्री. ताबाक', आणि पेले लहान म्हणून त्यांच्यावर 'चि. बारदाक'.

मी कपाळावर हात मारला. तो म्हणाला, "वैनी, 'सौ'चे जादा पैसे न्हाई लावले."

मालक आणि मालकीणबाई रविवारी आले. आधी माडीवर चहा, मग आमच्याकडे जेवण. जेवण माझ्याकडे म्हणून मी खुशीत होते. पण नेमक्या त्याच सकाळी सासूबाई महिनाभराने साताऱ्याहून, नणंदेकडून परत आल्या होत्या आणि त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पंगत बसली. पाहुणा कुणाकडेही जेवायला गेला की आधी ताटावरचं नाव वाचतो, तसं मालकीणबाईंनी वाचलं. मग पेल्यावरचं वाचलं. मग त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, आणि ह्यांनी ताटात. सासूबाई वाढायला उठल्या, त्यांची नजर पातेल्यावर गेली आणि त्या जागीच थांबल्या.

"आगं सुमन, ही कुणाची भांडी उचलून आणलीस?"

"आपलीच आहेत, आत्या."

"मला वाचाया येतंय. तेंजेरे कोन? कुनाच्या लग्नातनं आणलीस, ते सांग. बिचारी सौ. तेंजेरे पातेलं हुडकत असंल. आणि बारक्या पोराचे पेलेबी सोडले न्हाईस व्हय?"

मालकीणबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. दारात शैला उभी होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. ते बघून माझा तोल सुटला. पातेलं म्हणजे तुर्कीत तेंजेरे, ताट म्हणजे ताबाक, पेला म्हणजे बारदाक, सगळं मी एका दमात सांगून टाकलं. मालक दोनदा तुर्कस्तानला जाऊन आले होते. त्यांनी चमचा वर केला.

"काशुक," मी म्हणाले.

त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "दोलाप!" मालकांना हसता हसता ठसका लागला. शैलाने पाहुणे येणार म्हणून माडीवरच्या चिठ्ठ्या सकाळीच काढून घर नीटनेटकं करून ठेवलं होतं, त्यामुळे तिचं तुर्की त्यांना दिसलंच नव्हतं. मी तिच्याकडे असं बघितलं की जणू विमानात बसलेच आहे.

मालक हात धुऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्यासारखी बाई मी तिकडं कशाला पाठवू? तिकडं सगळ्यांनाच तुर्की येतं. तुम्ही इथंच पाहिजे."

झालं असं होतं की तिथले दोन फिटर काम शिकायला सहा महिने कुपवाडला येणार होते, आणि त्यांना ठेवायचं कुठे हा मालकांना घोर लागला होता. तो मी मिटवला. शैला दोन वर्षं इस्तंबूलला गेली. समुद्रासमोर उभं राहून काढलेले फोटो तिने मला आठवणीने पाठवले. आणि मी सहा महिने दोन दांडग्या तुर्कांच्या चपात्या लाटल्या. भली माणसं होती, पण त्यांना देवनागरी येत नव्हती, त्यामुळे माझ्या भांड्यांवर काय लिहिलंय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना माझ्याकडून सकाळ-संध्याकाळ, उठता-बसता एकच गोष्ट हवी असायची. तिला तुर्कीत 'चाय' म्हणतात, हे मात्र मला कुणी आधी सांगितलं नाही!