अमावस्येला बसवलेले शॉकअप

माझी सून चारुशीला पिकअप चालवते. हे आधीच सांगून टाकते, कारण "सून गाडी चालवते" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे स्कूटी येते. स्कूटी नाही हो! सिमेंट, फरशा, ढेप वाहणारी, दिघोरीच्या आमच्या गल्लीत वळताना ओट्यावरच्या लोकांना पाय वर घ्यायला लावणारी गाडी.

चारूचं माहेर कुहीचं. घरी धानाची शेती, त्यामुळे ट्रॅक्टर तिनं लग्नाआधीच हाताळलेला. माझ्या मुलाच्या, विश्वनाथच्या डोळ्याचा पडदा सरकला आणि डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं कायमचं बंद केलं, तेव्हा आमच्या घरात पिकअप विकायची बोलणी सुरू झाली. सगळे तोंडं पाडून बसलेले. ही पोळ्या लाटत होती. लाटता लाटताच म्हणाली, "विकता काहून? मी चालवीन ना." मी त्याच क्षणी हो म्हटलं. बाकीच्यांना पचायला वेळ लागला, तो त्यांचा प्रश्न.

आमच्या गाडीला एक मान होता. खाप्याच्या एका मंडळाची देवी दरवर्षी घटस्थापनेच्या सकाळी चितार ओळीतून, मूर्तिकारांच्या गल्लीतून, आमच्याच गाडीत बसून जायची. मातीची मूर्ती, लांब नाजूक बोटं. वाटेत एक बोट दुखावलं तरी नऊ दिवस कोणाच्या तोंडाकडे बघायचं? म्हणून मंडळ कधी गाडी बदलत नसे. यंदा देवी पहिल्यांदाच चारूच्या हातून जायची होती. मंडळाचे अध्यक्ष चंपतराव दोन दिवस आधी स्वतः गाडी बघायला आले.

बघायला म्हणजे परीक्षाच. चारूच्या शेजारी बसले, म्हणाले, "चाल, एक चक्कर." गल्लीच्या तोंडाशी स्पीड ब्रेकर आहे. गाडी त्यावरून गेली आणि पार पुढच्या वळणापर्यंत खालीवर होत राहिली. चंपतराव उतरले, टोपी सारखी केली.

"बाई, चालवणं तुह्यं चांगलं आहे. पण गाडी नाचून राहिली. याच्यात देवी कशी बसवू? परवा सकाळी येतो. असंच असलं तं दुसरी गाडी सांगतो."

शॉकअप गेले होते, आणि ते आम्हाला ठाऊक होतं. पण पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नाही, नवरात्र लागलं की बदलू, असं विश्वनाथनं धरून ठेवलं होतं. अरे, नवरात्र लागतं त्याच सकाळी तर देवी न्यायची! आमच्याकडच्या पुरुषांना पितर आठवले की बाकी सगळ्याचा विसर पडतो.

"उद्या बदलतो म्हटलं तं सर्वपित्री अमावस्या," विश्वनाथ म्हणाला. "मिस्त्री गॅरेज बंद ठेवते. त्यापेक्षा आजच्या आज कमानीत एक पाटा वाढवून घेऊ."

"पाटा भार उचलते हो, उसळी नाई रोकत," चारू म्हणाली. "शॉकअपच लागतीन. मी बसवतो उद्या."

विश्वनाथनं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आई तरी अडवेल.

"घेऊन ये वं चारू," मी म्हटलं. "पितर काय शॉकअप नेऊन राहिले का वर?"

अमावस्येला तिनं पहाटेच वडे तळून दिले आणि दुकान उघडायच्या वेळेला जाऊन चार नवे शॉकअप आणले. दुपारी माझ्या नणंदा, त्यांची माणसं, शेजारची यमुताई, सगळे जेवायला आले, तर अंगणात गाडी जॅकवर चढलेली, चौकटीखाली लाकडी ठोकळे, आणि सुनेचे फक्त पाय बाहेर. माझी नणंद माया दारातच थांबली.

"वैनी, आजच्या दिवशी नवीन वस्तू? अन् ते बी लोखंड?"

"तुह्या भावाच्या नावानं खीर केली आहे," मी म्हटलं. "त्याले मी तुह्यापेक्षा जास्त ओळखतो. खीर खाऊन तो पहिले गाडीखालीच वाकून पाहीन."

मागच्या शॉकअपचा बोल्ट गंजून जाम झाला होता. चारूनं त्यावर डिझेल ओतलं, पान्याला लोखंडी पाइप घालून तो लांब केला, आणि तरी हलेना तेव्हा मला हाक मारली. मी पदर खोचला आणि सून-सासू दोघी त्या पाइपाला लोंबकळलो. कर्रकन आवाज आला आणि बोल्ट सुटला. माझ्या नणंदेचा घास हातातच राहिला.

जुना शॉकअप निघाला. त्याचा दांडा आत ढकलला तर कसलाच विरोध नाही, लोण्यात सुरी जावी तसा गेला. पण चारू बघत होती त्याच्या टोकाचं रबर. पिळवटून फाटलं होतं. तिनं ते विश्वनाथच्या हातात दिलं. त्यानं बोटांनी चाचपलं.

"मागच्या खेपेले गाडी टांगलेली असतानाच बोल्ट आवळले होते ना?" तिनं विचारलं.

"हो. मी उभाच होतो तिथं."

"मंग खाली आल्यावर भार पडला, अन् रबर पिळलं. आता गाडी चाकावर उभी करून, भार देऊन आवळू."

चारही शॉकअप बसले, बोल्ट हातानं लावले, जॅक काढला, चाकांना दगडाची अडण लावली. भार कुठून आणायचा? त्या दिवशी सिमेंटची एक गोणी घरात नव्हती. चारू हात पुसत ओसरीवर आली. तिथं सगळी पंगत वडे-खीर चापून भिंतीला टेकली होती.

"आत्याबाई, जेवणं झाले असन तं गाडीत येऊन बसता का जरा?"

स्टूल लावलं. धोतरं, लुगडी, पँटी सगळे मागे चढले. ज्यांनी ज्यांनी अमावस्येचं नाव काढलं होतं, त्यांना मी मुद्दाम धुऱ्यावर, अगदी चाकाच्या वर बसवलं. माया जागेवरून सरकायला लागली तर खालून आवाज आला, "हालू नका आत्याबाई, तुमच्याच भरवशावर आहे सगळं!" अख्खं अंगण हसलं. खाली पाना फिरत होता.

मग चारूनं तीच वरात घेऊन गल्लीत चक्कर मारली. स्पीड ब्रेकरवर गाडी एकदा उठली, एकदा बसली, आणि गप्प झाली. "अजून एकदा ने वं," असं मायाच म्हणाली.

दुसऱ्या सकाळी चंपतराव आले. त्यांनाही तिनं त्याच स्पीड ब्रेकरवरून फिरवलं. ते चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. "मी मांगं बसतो, देवीजवळ," एवढंच म्हणाले. चितार ओळीत मूर्ती चढली, धानाच्या तणशीच्या गाद्या लागल्या, आणि ते देवीच्या मनगटाखाली स्वतःचा हात धरून बसले. म्हणजे विश्वास अजून नव्हताच. मी पुढे चारूजवळ. कोराडीच्या देवळाची गर्दी, पाटणसावंगी, मधले खड्डे. दर खड्ड्याला मी डोळे मिटत होते आणि ती सरळ रस्त्याकडे बघत होती.

खाप्यात मंडपासमोर गाडी उभी राहिली. ढोल वाजायला लागले, बायका आरतीचं ताट घेऊन आल्या. मी उतरून मागे धावले. देवीची सगळी बोटं जागच्या जागी होती. आणि चंपतराव? देवीच्या पायाशी तणशीत डोकं टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते!

ढोलानं ते दचकून उठले. त्यांनी आधी देवीचे हात पाहिले, मग स्वतःचे. तिथली रीत अशी की देवी आणणाऱ्या गाडीवाल्याला आधी ओवाळायचं. बायका दरवर्षीच्या सवयीनं ताट घेऊन विश्वनाथला शोधत होत्या.

"तिकडं कोणाले पाहून राहिल्या?" चंपतराव वरूनच ओरडले. "चारूले ओवाळा! यंदा देवी तिनं आणली. अन् पोरी, पुढच्या साली बी तूच आणजो."